बाळगोळी, छडी आणि अंगणवाडी



गटाच्या बैठकीत हप्ते मोजून झाले, वहीत सह्या झाल्या, की गप्पा कुठे वळतात हे तुम्हाला मी सांगायला नको. "मोबाईल हातात दिल्याशिवाय पोरगं घास गिळत नाही." "दोन फटके दिल्याशिवाय ऐकतच नाही." "तीन वर्षांचा झाला, अजून एबीसीडी येत नाही, त्या पलीकडच्या शाळेत घालावा का?" "थोरली धाकट्याला सांभाळते म्हणून तर मला खुरपायला जाता येतं." एक प्रश्न विचारला की दहा उत्तरं येतात. सासूचं मत एक, सुनेचं दुसरं, मोबाईलवर बघितलेल्या डॉक्टरचं तिसरं.

आज मी कुणाचं मत बरोबर ते सांगणार नाही. ही मतं आली कुठून आणि गेल्या शंभर-दीडशे वर्षांत ती कशी बदलत गेली, हे सांगणार आहे. मुलं वाढवण्याचासुद्धा इतिहास असतो. तो राजांच्या इतिहासासारखा पुस्तकात ठळक छापलेला नसतो, पण आपल्या घरात त्याच्या खुणा सापडतात.

पहिली खूण म्हणजे नावं. तुमच्या पणजोबांच्या पिढीत कुणी दगडू, धोंडू, केरू, भिकू नावाचं होतं का, आठवून बघा. एवढ्या प्रेमाने वाढवलेल्या पोराला दगड नाहीतर केर म्हणायचं, हे कसं? त्या घरात आधीची मुलं दगावलेली असायची. नाव चांगलं ठेवलं तर दृष्ट लागेल, हेही जाईल, म्हणून मुद्दाम टाकाऊ नाव. श्रावणात आपण जिवतीचा कागद लावतो, पाचवीला सटवाईची पूजा करतो. या सगळ्यामागे आईचा एकच प्रश्न होता: माझं मूल जगेल का? ते काय शिकेल, त्याला काय वाटतं, हे प्रश्न पुढचे. आधी जगलं पाहिजे.

दुसरी खूण आजीच्या दंडावर असेल. देवीच्या लसीचा तो गोल व्रण. आपल्या देशात ही लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १८०२ साली, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पण लस गावोगाव पोचायला आणि आयांच्या मनात तिच्याबद्दल विश्वास बसायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. देवी काढणारा गावात आला की बाया मुलांना लपवायच्या. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण अनोळखी पुरुष येतो, मुलाचं अंग टोचतो, मग मुलाला ताप येतो, आणि का टोचलं ते कुणी नीट समजावत नाही. अशा वेळी कुठली आई मूल पुढे करेल? सांगणारी माणसं ओळखीची झाली, शेजारणीचं मूल लस टोचून बरं राहिलेलं दिसलं, तसं मत बदललं. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही.

हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत हेच पुन्हा दिसणार आहे. आईचं मत तिच्या डोक्यातून जितकं येतं, त्याहून जास्त तिच्या दिवसातून येतं. तिला किती काम आहे, हाताशी कोण आहे, खिशात काय आहे, कुणावर भरवसा ठेवता येतो, यावर ते ठरतं.

आता मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊ. शंभर वर्षांपूर्वी रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या भागातून हजारो माणसं कापडाच्या गिरण्यांत कामाला गेली. त्यात बायाही होत्या. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं. सकाळी भोंगा झाला की बाईने गिरणीत हजर व्हायचं. अंगावर पिणारं मूल घरी. सासू गावाकडे, शेजारीणही गिरणीतच. मग मूल दिवसभर ठेवायचं कुठे?

त्यावर एक उपाय निघाला होता. त्याला बाळगोळी म्हणायचे. त्या गोळीत अफू असायची. सकाळी कामावर निघताना तान्ह्याला गोळी चाटवली की ते दिवसभर गुंगीत पडून राहायचं. रडायचं नाही, भूकही मागायचं नाही. १९२२ साली मुंबई सरकारने डॉक्टर बार्न्स नावाच्या बाईंना गिरणीतल्या बायांची पाहणी करायला सांगितलं. त्यांना दिसलं की गिरणीत काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्याच आया तान्ह्या मुलांना अफू देतात. त्या बाया काही दुष्ट नव्हत्या. पोरावर जीव होता म्हणूनच त्या रोज सकाळी भोंग्याला धावत होत्या. पण अफूने मूल वाळत जायचं, कारण भुकेचं रडणंच बंद व्हायचं.

या बायांना "अफू देऊ नका" एवढं सांगून भागलं असतं का? आईने गोळी बंद केली, तर त्या दिवशी मूल कोण बघणार? खाडा झाला तर पगार कोण देणार? हा प्रश्न काही लोकांनी नीट ओळखला. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा भार एकट्या बाईवर पडता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली तो कायदा झाला. कामगार बाईला बाळंतपणात सुटी आणि त्या सुटीचे पैसे देणारा हा देशातला पहिला कायदा. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात असं आलं की ज्या कारखान्यात ५० पेक्षा जास्त बाया काम करतात, तिथे मुलांसाठी पाळणाघर असलं पाहिजे.

म्हणजे बाळगोळी सोडायची तर उपदेशाच्या जोडीला सुटी आणि पाळणाघरही लागत होतं. मैत्रिणींनो, आपल्या शेताच्या बांधाला मात्र ना भोंगा आहे, ना पाळणाघर. तिथे झाडाला झोळी बांधली जाते, नाहीतर थोरल्या पोरीला शाळेतून घरी ठेवलं जातं. या थोरल्या पोरीकडे आपण पुन्हा येऊ.

मुंबईत हे चाललं होतं, तेव्हा गुजरातेत भावनगरला वेगळाच विचार सुरू झाला होता. तिथे गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. स्वतःचा मुलगा लहान होता, त्याला कसं वाढवावं याचा विचार करता करता त्यांच्या हातात इटलीतल्या मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंचं लिखाण आलं. त्यांनी वकिली सोडली, दक्षिणामूर्ती या संस्थेत गेले, आणि १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर काढलं. चांगल्या भरघोस मिशा असलेला हा माणूस मुलांत इतका रमायचा की लोक त्यांना मिशीवाली आई म्हणू लागले.

माँटेसरी हे नाव आज आपण कुठे वाचतो? तालुक्याच्या गावी, मोठ्या रंगीत पाटीवर, आणि खाली फी एवढी की त्यासाठी गटातून कर्ज काढावं लागतं. पण माँटेसरी बाईंनी पहिलं बालघर काढलं ते १९०७ साली, रोम शहरातल्या सान लोरेंझो नावाच्या गरीब मजुरांच्या वस्तीत. आईबाप कामावर जायचे, मागे राहिलेली मुलं जिन्यात हुंदडायची, नव्या भिंती खराब करायची. इमारतीच्या मालकांना ही मुलं कुठेतरी गुंतवून ठेवायची होती, म्हणून एक खोली दिली गेली. म्हणजे आज जिला आपण श्रीमंतांची पद्धत समजतो, ती मजुरांच्या पोरांपासून सुरू झाली. प्रश्नही गिरणीतल्या बाईचाच होता: आई कामावर गेली, मूल कुठे ठेवायचं?

त्या खोलीत माँटेसरी बाईंच्या लक्षात असं आलं की लहान मुलाला हाताने करायचं काम दिलं, घाई केली नाही, दरडावलं नाही, तर ते तासभर मन लावून काम करतं. ओतणं, वेचणं, बटण लावणं, जागा पुसणं, ही त्याची शाळा. गिजुभाईंनी हेच आपल्या मातीत आणलं आणि त्यात गोष्टी, गाणी, नाटकं घातली. त्यांनी आईबापांसाठीही पुष्कळ लिहिलं. आईबाप होणं कठीण आहे, अशा अर्थाच्या नावाचं त्यांचं एक पुस्तकच आहे. मुलाला मारू नका, बागुलबुवाची भीती घालू नका, बळजबरीने भरवू नका, दुसऱ्याच्या पोराशी तुलना करू नका, त्याला स्वतःच्या हाताने जेवू द्या, सांडलं तर सांडू द्या, असं ते सांगायचे. आज हे ऐकून आपण म्हणतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण शंभर वर्षांपूर्वी छडीशिवाय विद्या येत नाही असं घरात आणि शाळेत सगळेच धरून चालत होते. मास्तरांकडे मुलाला सोडताना बापच सांगायचा की हाडं माझी, मांस तुमचं.

गिजुभाईंकडे १९२३ साली एक मराठी बाई कामाला आल्या. त्या ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईचा. बी. ए. झालेल्या. त्या काळात बी. ए. झालेली बाई म्हणजे दुर्मीळच. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या मुख्य होत्या. ती मानाची नोकरी सोडून त्या चिमुकल्या मुलांच्या शाळेत आल्या. गिजुभाईंबरोबर १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. आईबापांना आणि शिक्षकांना मुलांविषयी सांगायला गुजरातीत शिक्षणपत्रिका निघत होती. ताराबाईंनी १९३३ साली ती मराठीत सुरू केली. पुढे त्या मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहारचं काम केलं.

ताराबाई तिथेच थांबल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलं असतं. पण त्यांचं आत्तापर्यंतचं काम होतं ते शहरातल्या, वाचता येणाऱ्या, थोडी सवड असणाऱ्या आईबापांत. पत्रिका वाचायला अक्षर लागतं. मुलाला स्वतः जेवू द्यायला वेळ लागतो. ज्या आईला अंधारात उठून कामाला जायचं आहे, तिला सांडलं तर सांडू द्या कसं सांगणार? सांडायला ताटात पुरेसं तरी पाहिजे ना.

१९४५ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, ताराबाई बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. तेव्हा ठाणे जिल्हा होता, आता पालघर. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. त्यांच्याबरोबर गेल्या अनुताई वाघ.

अनुताईंबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत त्या विधवा झाल्या. त्या काळच्या रीतीने त्यांचं आयुष्य तिथेच संपायचं. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत वर्षानुवर्षं शिकवलं. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची आणि ताराबाईंची गाठ पडली आणि त्या बोर्डीला आल्या त्या कायमच्या. स्वतःला मूलबाळ नसलेल्या या बाईने किती मुलांची नखं कापली, डोकी विंचरली, याची मोजदाद नाही.

बोर्डीच्या आसपास वारली लोकांचे पाडे. ते कसले दिवस होते बघा. त्याच १९४५ साली त्या भागात वारल्यांचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यात पुढे होते. लढा वेठबिगारीविरुद्ध होता. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायचे, त्यांना लग्नगडी म्हणायचे. ज्या घरात आईबापाचं स्वतःचं अंगच स्वतःचं नाही, तिथे मुलांना कसं वाढवायचं यावर मत विचारणार तरी कुणाला?

ताराबाई-अनुताईंची बालवाडी सुरू झाली, पण पाड्यावरची मुलं येईनात. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही. या दोघींनी कारण शोधलं. थोरली मुलगी यायची नाही कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड. मुलगा यायचा नाही कारण तो गुरांमागे. तान्हं यायचं नाही कारण त्याला आणणार कोण? आईबाप तर रानात नाहीतर मालकाच्या शेतात. म्हणजे कारण पुन्हा तेच, आईच्या दिवसाचं.

मग त्यांनी ठरवलं की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं. बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. हा शब्द, मैत्रिणींनो, असा जन्मला. आधी मुलांना अंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागडी साधनं परवडणारी नव्हतीच. समुद्रावरचे शिंपले, रानातल्या बिया, चिंचोके, खडे, पानं, माती, यांचीच साधनं झाली. लहान-मोठा, कमी-जास्त, रंग, आकार सगळं त्यातून शिकवलं. आणि दूर कुठे जायचं नव्हतं, आपल्याच दाराशी काय चाललंय ते आईला जाता-येता दिसत होतं. त्यामुळे विश्वास बसला.

१९५७ च्या सुमाराला हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांनी विकासवाडी काढली. एकाच आवारात तान्ह्यांचं पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि मोठ्यांची प्राथमिक शाळा. हे का केलं ते नीट बघा. थोरली धाकट्याला कडेवर घेऊन आली, तर धाकटं पाळणाघरात, थोरली वर्गात. मग शाळा सोडायचं कारण उरलं नाही. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. गुरं जिथे चरतात तिथेच शाळा. गुरांवर लक्षही राहतं आणि धडाही होतो.

"मुलीला शाळेत पाठवा" असं कुणीही सांगेल. तिच्या कडेवरचं ओझं स्वतः उचलून घेणारी माणसं थोडी. ताराबाई-अनुताईंनी आईला आधी मदत केली आणि सल्ला नंतर दिला. मला वाटतं, मुलं वाढवण्याच्या आपल्या इतिहासातला हाच मोठा धडा आहे.

सरकारने ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण दिलं. १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, देशभरात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्राचं नाव काय? अंगणवाडी. पाड्यावरच्या अंगणातला शब्द सगळ्या देशाने घेतला. अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्या गेल्या.

या योजनेत सहा सेवा ठरल्या आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळेआधीचं शिक्षण. आता खरं सांगा, आपण अंगणवाडीत जातो ते कशासाठी? आहाराचं पाकीट आणायला आणि वजन करायला. सहावी सेवा आपण मागतो का? ताराबाई-अनुताईंनी ज्यासाठी अंगणवाडी काढली, ती गाणी-गोष्टी-खेळांची शाळा, तिच्याबद्दल आपण सेविकाताईंना कधी विचारतच नाही. आणि त्याच सेविकाताईंच्या डोक्यावर रजिस्टरं, मोबाईलवरची माहिती आणि सर्वेक्षणाची कामं पडली की मुलांशी खेळायला वेळ उरत नाही, हेही आपण बघतो आणि गप्प बसतो.

मग आपण काय करतो? तीन वर्षांच्या मुलाला पिवळ्या गाडीत बसवून लांबच्या इंग्रजी नर्सरीत पाठवतो. आईची तगमग मी समजू शकते. आपल्याला जे मिळालं नाही ते त्याला मिळावं. पण तीन वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिल धरायला तयार नसतात. आधी माती मळणं, दाणे निवडणं, दोरीत मणी ओवणं यातून बोटं तयार होतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकत्र धरून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जे माँटेसरी बाई आणि गिजुभाई सांगत होते, ते आता सरकारी कागदावर आलं. मूल घरच्या भाषेत भरभर बोलायला लागलं, गोष्ट ऐकून परत सांगायला लागलं, तर ते मागे पडलेलं नाही. कर्जाचा अर्ज भरण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

फटक्यांचं बघू. शाळेत मुलाला मारणं आता कायद्याने बंद आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम सांगतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. तरी पालकसभेत "मास्तर, द्या दोन ठेवून" म्हणणारे आपणच असतो. घरात हात उठतो तो कधी, ते जरा आठवून बघा. बहुतेक वेळा संध्याकाळी. कामावरून आलेलं अंग, चुलीवर भाकरी, पाणी भरायचं राहिलेलं, आणि त्यात पोराचा हट्ट. फटका बसतो पोराला, पण राग असतो दिवसावर. ज्या घरात संध्याकाळच्या कामात दुसरा कुणी हात लावतो, तिथे फटके आपोआप कमी होतात. म्हणून हा प्रश्न एकट्या आईच्या स्वभावाचा धरू नका. घरात पुरुष आहेत, त्यांनाही हात आहेत. मिशीवाला गिजुभाई आई होऊ शकतो, तर पोराचा बाप त्याला भरवू का शकत नाही?

आणि मोबाईल. हे बोलले की बऱ्याच जणींना राग येईल, पण विचार करा. आईला काम आहे, मूल रडतं, हाताशी कुणी नाही, हातात मोबाईल दिला की ते गप्प. बाळगोळीचं कारण याहून वेगळं होतं का? मोबाईल म्हणजे अफू असं मी म्हणत नाही. पण दोन्हींकडे वळवणारी अडचण एकच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभरापेक्षा जास्त नको, कमी असेल तेवढं चांगलं. हे पाठ करून आईला टोमणे मारायचे की तो एक तास मूल सांभाळायला कुणीतरी पुढे यायचं, हे आपल्या हातात आहे.

थोरल्या पोरीचं मी म्हटलं होतं. धाकट्यासाठी घरी राहिलेली पोर आजही आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत आहे, कांदे काढणीच्या दिवसांत आहे. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात असं लिहिलं गेलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना बघायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. हे कलम कागदावर आलं, पण कामावर ते मागणाऱ्या बाया कमी निघाल्या, कारण माहीतच नव्हतं.

मग गटाने काय करावं? हमी देऊन कर्ज काढू शकणाऱ्या बायांना मूल सांभाळायची पाळी लावणं अवघड नाही. सुगीच्या पंधरा दिवसांत पाच घरांनी मिळून एका आजीला किंवा मावशीला मुलं बघायला बसवावं आणि तिची मजुरी वाटून द्यावी. मग पाच थोरल्या शाळेत जातील. महिन्यातून एक दिवस गटातल्या दोघींनी अंगणवाडीत जाऊन बसावं. तक्रार शोधायला जाऊ नका. चिंचोके, शिंपले, चिंध्यांचा चेंडू असं काहीतरी घेऊन जा, एखादी गोष्ट सांगून या, आणि सेविकाताईंची अडचण विचारून या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथे विचारा की गेल्या वर्षी ते पैसे कशावर गेले. खेळणी, चटया, पाण्याची टाकी, कुंपण, जे लागतं ते लेखी मागा आणि ठराव वहीत लिहिला गेला का ते बघा.

सासूबाईंचं मत आणि सुनेचं मत जुळत नाही, यावरून भांडण करू नका. सासूबाईंच्या काळी प्रश्न होता मूल जगेल का. तुमच्या काळी प्रश्न आहे ते शिकेल का. दोघी आपापल्या दिवसातून बोलतात. त्यांच्या दंडावरचा देवीचा व्रण बघा आणि त्यांच्या आईने तेव्हा मूल पुढे करायचं कसं ठरवलं असेल, ते विचारा. तुमच्या घरातला इतिहास तुम्हाला तिथे मिळेल.

पुढच्या बैठकीत हप्ते मोजून झाले की दहा मिनिटं यावर बोला. तुमच्या गावात कुठली थोरली कडेवर धाकटं घेऊन घरी बसली आहे, तिचं नाव घ्या, आणि तिच्या आईला विचारा की कोणते दिवस अडचणीचे असतात. त्या दिवसांची पाळी त्याच बैठकीत लावून टाका.